प्रकाशकांची वकिली आणि सरकारदरबारचं काम: यात यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एलएलबीचं शेवटचं वर्ष चालू आहे, पुस्तकांची ओढ आहे, आणि प्रकाशन व्यवसायाच्या वतीने कोर्टात आणि सरकारदरबारी अशा दोन्ही ठिकाणी बाजू मांडणारा वकील तुम्हाला व्हायचं आहे. परदेशात अशा माणसाला सरळ लॉबिस्ट म्हणतात. असं करिअर आपल्याकडे आहे का, त्याला दिल्लीत ओळखी लागतात का, आणि उद्या लेखकांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या विरोधात उभं राहायची वेळ आली तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी हे काम बावीस वर्षं करते आहे. पहिली आठ-नऊ वर्षं फक्त करारनामे आणि कोर्ट होतं, धोरणाचं काम नंतर आलं. त्यामुळे जे सांगते ते माझ्या वाटेवरचं आहे. दुसऱ्या कुणाची वाट वेगळी असू शकते.

ओळखींचं आधी सांगते. तुमच्या प्रश्नात तीन वेळा तोच शब्द आलाय. ओळखीने भेटीची वेळ लवकर मिळते, हे खरं आहे. पण या क्षेत्रात फायलीवर टिपण लिहिणारा माणूस बहुधा अवर सचिव किंवा उपसचिव असतो. त्याला तुमच्या ओळखीशी काही देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर एक कलम असतं, त्यावर आलेल्या ढीगभर हरकती असतात, आणि वरिष्ठाने विचारलं तर उत्तर द्यायची जबाबदारी त्याची असते. तुम्ही दिलेल्या कागदातलं वाक्य त्याला जसंच्या तसं टिपणात उतरवता आलं, आणि ते नंतर खोटं ठरलं नाही, तर पुढच्या वेळी तो स्वतः फोन करून विचारतो. माझ्या अनुभवात या कामातली ओळख अशीच होते.

आता हे करिअर म्हणून आहे का? अमेरिकेत या कामाला नाव आहे, नोंदणी आहे. १९९५ च्या लॉबिंग डिस्क्लोजर ॲक्टखाली तिथे कुणासाठी आणि कोणत्या विषयावर काम करतो हे जाहीर करावं लागतं. पॅट श्रोडर यांचं उदाहरण देते. त्या स्वतः वकील, कोलोराडोतून चोवीस वर्षं काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्य, आणि १९९७ ते २००९ अमेरिकन प्रकाशकांच्या संघटनेच्या प्रमुख. भारतात लॉबिंगचा वेगळा कायदाच नाही. त्यामुळे अशी नेमप्लेट कुणी लावत नाही. संघटनेचा विधी सल्लागार, धोरण सल्लागार किंवा नुसतं 'आमच्या वकीलबाई' असं म्हणतात. काम मात्र आहे, आणि ते करणारी माणसं फार थोडी आहेत.

इथे एक तांत्रिक गोष्ट आत्ताच समजून घ्या, पुढे अडचण नको. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे एखाद्या मोठ्या प्रकाशनगृहात किंवा संघटनेत पूर्णवेळ नोकरी धरलीत तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते आणि कोर्टात उभं राहणं थांबतं. मी सनद ठेवली आणि संघटनांना अशील म्हणूनच ठेवलं. माझ्या एका मैत्रिणीने नोकरी घेतली. तिला बैठकीच्या आतल्या खोलीत बसायला मिळतं, मला कोर्टात उभं राहायला मिळतं. तुमचा पिंड कुठला आहे आणि घरी नियमित पगाराची गरज किती आहे, यावर हे ठरवा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय ओळखींबद्दल आणि बाजू घेण्याबद्दल. पण या कामात माणूस टिकतो की नाही हे मला वाटतं दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. एखाद्या कलमातला एक शब्द पुस्तकाच्या धंद्यात खाली कुठे जाऊन लागतो, हे दोन्ही टोकांनी सांगता आलं पाहिजे. सरकारला धंदा समजावता आला पाहिजे आणि धंद्याला कायदा.

मी हे शिकले २०१० ते २०१२ या काळात. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक २०१० मध्ये राज्यसभेत आलं. त्यात कलम २(एम) ला, म्हणजे 'उल्लंघन करणारी प्रत' याच्या व्याख्येला, एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारं वाक्य, जोडलं होतं. अर्थ असा: लेखकाच्या परवानगीने परदेशात प्रसिद्ध झालेली प्रत तिथून भारतात आणली, तर ती उल्लंघन करणारी प्रत समजली जाणार नाही. वाचायला किती सरळ वाटतं! पण पुस्तकाच्या धंद्यात हक्क देशांनुसार विकले जातात. एकाच पाठ्यपुस्तकाची भारतीय उपखंडापुरती स्वस्त आवृत्ती निघते आणि तिच्या मागच्या कव्हरवर कुठल्या देशांत विकायची ते छापलेलं असतं. परंतुक आलं असतं तर परदेशात पडून राहिलेल्या प्रती कवडीमोलाने उचलून इथे आणायला मोकळीक मिळाली असती, आणि इथले हक्क पैसे मोजून घेणाऱ्या प्रकाशकाच्या हातात काही उरलं नसतं, अशी प्रकाशकांची भीती होती. दुसरी बाजूही तितकीच खरी होती. ग्रंथालयं आणि विद्यार्थी म्हणत होते की आम्हाला जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते, नवी आवृत्ती वर्षानुवर्षं इथे येतच नाही.

मी तेव्हा निवेदनांचे मसुदे लिहिणाऱ्यांमध्ये सगळ्यात कनिष्ठ होते. आमच्या पहिल्या मसुद्यात 'भारतीय प्रकाशन उद्ध्वस्त होईल' असं वाक्य होतं. गटातल्या ज्येष्ठ वकिलांनी ते खोडलं आणि विचारलं, 'कुणाचं, कुठल्या पुस्तकाचं, कितव्या वर्षी?' मग आम्ही एका वैद्यकीय पुस्तकाची मूळ आवृत्ती आणि भारतीय आवृत्ती शेजारी शेजारी ठेवली, हक्कांचा करार काढला, आणि परंतुक आलं तर कुठल्या टप्प्यावर काय होईल ते दोन पानांत लिहिलं. ती दोन पानं मला आजही पाठ आहेत. मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांत दुरुस्ती मंजूर झाली, २१ जूनला लागू झाली, आणि त्यात ते परंतुक नव्हतं. आमच्या दोन पानांमुळे ते निघालं असं मी कधीही म्हणणार नाही. बोलणारे पुष्कळ होते, आणि अशा निर्णयामागे एकच कारण असतं असं समजणारा वकील अशिलाला चुकीची आशा लावतो. पण काम कसं करायचं हे मला तिथे कळलं.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, मार्च २०१३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कर्टसेंग प्रकरणात उलट टोकाचा प्रश्न सोडवला. थायलंडमधल्या स्वस्त आवृत्त्या अमेरिकेत आणून विकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल गेला. त्यामुळे इथली स्वस्त आवृत्ती बाहेर जाण्याची चिंता नव्याने सुरू झाली. एका देशातलं कलम दुसऱ्या देशातल्या किमतीला जाऊन भिडतं, ते असं.

एक चूकही सांगते. सुरुवातीच्या काळात एका निवेदनात मी पायरसीमुळे होणाऱ्या नुकसानीचा आकडा घातला. आकडा एका प्रकाशकाने दिला होता, मोठा होता, आणि मी तो तपासला नाही. बैठकीत अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, 'हा कसा काढला?' मी म्हटलं, उद्योगाचा अंदाज आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढची वीस मिनिटं मी बोलत होते, पण त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. त्या विषयावर पुढे दीड वर्ष आमच्या कुठल्याही कागदाला उत्तर आलं नाही. तेव्हापासून ज्या आकड्याचं मूळ मला स्वतःला दाखवता येत नाही तो मी कागदावर येऊ देत नाही, अशील कितीही नाराज झाला तरी. आणि आपल्या बाजूचा कच्चा दुवा मी स्वतःच सांगते. समोरच्याला तो नाहीतरी दुसऱ्या बाजूकडून कळणारच असतो.

आता विद्यार्थ्यांच्या विरोधात उभं राहण्याचा प्रश्न. तुमच्या मनात दिल्ली विद्यापीठाचं फोटोकॉपी प्रकरण असणार. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांच्या उताऱ्यांचे संच झेरॉक्स करून विकले जात होते. सगळा वाद कलम ५२(१)(आय) मधल्या काही शब्दांचा होता: शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल. 'अध्यापनाचा ओघ' म्हणजे फक्त वर्गातला तास, की पूर्ण सत्राचा अभ्यास? सप्टेंबर २०१६ मध्ये एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही त्या शब्दांचा व्यापक अर्थ मान्य केला, पण उतारे शिकवण्यासाठी खरंच गरजेचे होते का हे पुराव्याने ठरवायला प्रकरण परत पाठवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला.

मी त्या दाव्यात नव्हते. पण निकालाइतकीच मला लागलेली गोष्ट दुसरी होती. ज्यांची पुस्तकं त्या दाव्यात होती, त्यातल्याच अनेक लेखकांनी दाव्याच्या विरोधात जाहीर पत्रावर सह्या केल्या. माझं स्पष्ट मत आहे की दावा लावण्याआधी लेखकांशी आणि प्राध्यापकांशी बसून बोलायला हवं होतं. परवाना घेऊन माफक शुल्कात उतारे वापरू देण्याची वाट बोलण्यातून निघाली असती की नाही, कुणी सांगावं. पण ती न शोधता कोर्टाची पायरी चढल्यामुळे प्रकाशक म्हणजे विद्यार्थ्यांच्या विरोधातले लोक ही प्रतिमा पक्की झाली, आणि नंतर कित्येक वर्षं प्रत्येक बैठकीत आम्हाला ती पुसावी लागली.

याच्या उलट अनुभव अंध वाचकांच्या बाबतीतला. २०१२ च्या दुरुस्तीत अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्याची मुभा आली, आणि त्याच विषयावरचा २०१३ चा मराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. सुरुवातीला काही प्रकाशक घाबरले होते. फाइल दिली की ती सगळीकडे पसरेल, असं त्यांचं म्हणणं. एका बैठकीला आम्ही एका अंध प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी एका पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत स्क्रीन रीडरवर लावली. जोडाक्षरं तुटलेली, ओळी एकमेकींत घुसलेल्या, पान क्रमांक वाक्याच्या मधोमध वाचला जात होता. दोन मिनिटांत खोली गप्प झाली. त्यानंतर फाइल द्यायची की नाही ही चर्चा थांबली आणि कुठल्या स्वरूपात द्यायची ही सुरू झाली. त्या दिवशी मला माझं काम आवडलं.

आणि लेखक? इथे मी थोडी रेंगाळणार आहे. मराठी प्रकाशनात नव्वद टक्के वेळा तुमची गाठ याच कामाशी पडेल असं मी माझ्या टेबलावरच्या फायली बघून सांगू शकते.

एका प्रकाशकांनी माझ्यापुढे एक अंतर्देशीय पत्र ठेवलं. १९९८ चं. लेखकाच्या हस्ताक्षरात चार ओळी: अमुक कादंबरी आपण छापावी, रॉयल्टी पंधरा टक्के, बाकी ठरल्याप्रमाणे. खाली सही. एवढाच करार. लेखक वारले होते. प्रकाशक दर वर्षी न चुकता रॉयल्टीचा हिशेब मुलीला पाठवत होते. आता मुलीकडे ऑडिओबुकची विचारणा आली होती आणि प्रकाशकांचं म्हणणं होतं, हक्क आमचाच.

कलम १९ काढून बघा. १९९४ च्या दुरुस्तीने, जी मे १९९५ पासून लागू झाली, त्यात दोन गोष्टी आल्या. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरायचा. परवान्यालाही, म्हणजे नुसती छापायची परवानगी दिली असेल त्यालाही, कलम ३०(अ) मुळे हेच लागू. म्हणजे त्या पत्राने दिलेला हक्क २००३ मध्येच संपला होता. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असं आलं की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा हक्क करारात वेगळा नोंदवला नसेल तर तो दिला गेला असं धरता येत नाही. जुन्या करारांना ही तरतूद किती लागू होते यावर वाद घालता येईल, पण चार ओळींच्या पत्रात ऑडिओचा हक्क शोधायला जाणं मला पटत नव्हतं.

मी प्रकाशकांची वकील होते. मी त्यांना सांगितलं की नोटीस पाठवू नका, तुमच्या हातात कागद नाही. तुमच्याजवळ जे आहे ते म्हणजे वीस वर्षांचे वेळेवर दिलेले हिशेब. ते घेऊन स्वतः जा, पत्राची खरी स्थिती त्यांना सांगा, आणि नवा करार मागा. ते तयार व्हायला दोन महिने गेले. मग मुलीने छापील आवृत्तीचा हक्क दहा वर्षांसाठी पुन्हा दिला, ऑडिओचा स्वतःकडे ठेवला, आणि प्रकाशकाने संपादित संहिता वापरू देण्याचे पैसे वेगळे घेतले. कोर्टात गेलो असतो तर मला फी जास्त मिळाली असती आणि त्यांना कादंबरी गमवावी लागली असती. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे: प्रकाशकाचं हित लेखकाशी नातं राखण्यात असतं, आणि ते त्याला ऐकायला आवडत नसलं तरी सांगणं हा वकिलीचाच भाग आहे. कधी खरोखर विरोध येतोच. तेव्हा त्या एका प्रकरणाचं वकीलपत्र नाकारायचा अधिकार तुम्हाला आहे. मी दोनदा वापरलाय.

धोरणाच्या कामात नुसता कॉपीराइट पुरत नाही, हेही सांगून ठेवते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकांवर कर नाही म्हणून सगळे खूश झाले. पण करमुक्त असणं आणि निर्यातीसारखं शून्य दराचं असणं यात फरक आहे. पुस्तक करमुक्त, म्हणून प्रकाशकाने कागदावर, छपाईवर आणि लेखकाच्या रॉयल्टीवर भरलेला कर परत मिळत नाही. तो किमतीत मुरतो. रॉयल्टीवरचा कर तर सहसा उलट पद्धतीने (रिव्हर्स चार्ज), म्हणजे लेखकाऐवजी प्रकाशकानेच भरायचा. हे समजावताना मी एका दोनशे पानी पुस्तकाचा खर्च रांगेने लिहायचे, आणि कुठल्या ओळीवर कर बसलाय तिथे लाल खूण करायचे. अशीलही तो कागद बघून म्हणायचे, 'अहो, मग आम्ही करमुक्त कसे?' २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आलं, तेव्हाही तोच रांगेने खर्च लिहायचा खटाटोप. कंटाळवाणं वाटत असेल तर आत्ताच स्वतःला विचारा, कारण या कामाचा मोठा भाग असाच आहे.

विषय कुठल्या खात्याकडे आहे हेही बदलत राहतं. कॉपीराइट २०१६ पर्यंत मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे होता, मग उद्योग खात्याकडे गेला. शिक्षणाच्या अंगाने विचार करणाऱ्या माणसांऐवजी व्यापाराच्या अंगाने विचार करणारी माणसं समोर आली, आणि तोच मुद्दा नव्या भाषेत लिहावा लागला. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात लावलेल्या दाव्यात भारतीय प्रकाशकांच्या महासंघानेही आपलं म्हणणं मांडायची परवानगी मागितली. तुम्ही सनद घेऊन बाहेर पडाल तेव्हा तुमच्या पिढीचं २(एम) हेच असेल असं मला वाटतं.

पैशाचं आणि सचोटीचं एकत्रच सांगते. संघटनेच्या कामावर पहिली काही वर्षं घर चालत नाही. करारनामे, हक्कांची तपासणी, पायरसीच्या तक्रारी यावर चालतं. पायरसीच्या कामाला कमी लेखू नका. कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, तरी पोलीस ठाण्यात हवालदारासमोर खरी आणि बनावट प्रत ठेवून शिवण, डिंक, कागदाचा रंग हा फरक तुम्हालाच दाखवावा लागतो. तिथे जे शिकता ते मंत्रालयात उपयोगी पडतं. फीबद्दल माझा नियम ठरलेला आहे. खटल्याच्या निकालावर अवलंबून फी घ्यायला बार कौन्सिलचा नियम मनाई करतो, आणि 'कलम निघालं तर इतके' अशी बोली मी धोरणाच्या कामातही लावत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. कुणी 'मधला माणूस' सुचवला तर बैठक तिथेच संपवायची.

सुरुवात कशी करायची? कॉपीराइट मोठ्या प्रमाणावर हाताळणाऱ्या वकिलाकडे दोन-तीन वर्षं उमेदवारी करा. तिथे करारनामे वाचायला मागा, नुसत्या तारखा घेऊ नका. घरी २०१० चं विधेयक आणि २०१२ चा मंजूर कायदा समोरासमोर ठेवून शब्दन्‌शब्द फरक काढा. महिनाभर लागेल. मग एखाद्या छोट्या प्रकाशकाकडे जा आणि त्यांच्या जुन्या करारांची यादी करून द्यायची तयारी दाखवा: लेखक, तारीख, मुदत, प्रदेश, माध्यम. पुष्कळ ठिकाणी मुदतीचा रकाना रिकामाच राहील, आणि तेच तुमचं पहिलं काम असेल.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमचं शिक्षण मराठी माध्यमातलं आहे आणि दिल्लीत त्याची अडचण होईल असं वाटतं. इंग्रजी मसुदा नेमका लिहायला शिकावंच लागेल, त्याला दुसरा इलाज नाही. पण मराठीची गरज उलट बाजूने फार आहे. २०१४ च्या धोरणाप्रमाणे विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. तो इंग्रजीत आणि बहुतेकदा नुसता संकेतस्थळावर येतो. कोल्हापूर-नागपूरकडच्या प्रकाशकाला तो कळतो तेव्हा मुदत संपलेली असते. मी आजही मसुदा आला की पहिल्या तीन दिवसांत त्याचं मराठीत दोन पानांचं टिपण करते आणि ओळखीच्या प्रकाशकांना एकेक फोन लावते. मागच्या वेळी त्यातल्या नऊ जणांनी स्वतःच्या पुस्तकांची उदाहरणं देऊन हरकती पाठवल्या. ही टिपणं लिहायला मला मदतनीस हवाच असतो. परीक्षा झाली की कळवा.